नसत्या चौकशा

"आबा, जरा हुबे रवा. कंबर मोजूची आसा."

आशाताईने, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेने, पिशवीतून शिंप्याची टेप काढली तेव्हा आमचे आबा ओटीवर सुपारी कातरत बसले होते. पंच्याऐंशी ओलांडलेला माणूस. त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग टेपकडे. "कित्याक गो? नवो लेंगो शिवतलस?" ती हसली, पण टेप काही खाली ठेवली नाही. कंबर मोजली, फॉर्मवर आकडा टाकला. पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या आत असली तर शून्य गुण, शंभराच्या वर गेली तर दोन. आबांच्या अंगावर मूठभर मांस नाही, तिथे ते सुटले.

"तंबाखू?"

"सोडली."

"कधी?"

"सकाळी."

मग दारू, मग चालणं-फिरणं, मग घराण्यात कोणाला साखर किंवा बीपी. आईकडे वळून तिने विचारलं, "आणि मिशेरी?" आई तांदूळ निवडण्यात एकदम गढून गेली. उत्तर आतून वहिनीने दिलं, "दिसाक दोनदा!" घरात दोन दिवस पुरेल एवढं भांडण त्या एका रकान्यात झालं. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा हा फॉर्म भरायचा असतो. गुण चारच्या वर गेले की माणसाला बीपी-साखर तपासायला आधी पाठवायचं. आबांचे अर्थातच गेले. ती फाटकाबाहेर पडल्यावर आबांनी निकाल दिला की सरकारला दुसरा धंदा उरलेला नाही, म्हणून ते असल्या नसत्या चौकशांना माणसं नेमतं.

मी मुंबईत नोकरी करून आता निवृत्तीनंतर वर्षातले बरेच महिने सिंधुदुर्गात गावी असतो. रिकामा माणूस असल्यामुळे या चौकशा येताजाता माझ्या कानावर पडतात. आणि हळूहळू माझं असं मत झालंय की आमच्या जिल्ह्याचं आरोग्य खातं मुळात याच नसत्या चौकशांवर उभं आहे.

गावात आरोग्याचा विषय निघाला की बोलणं इमारतीवर जातं. दवाखाना कधी होणार, डॉक्टर मुक्कामाला का राहत नाही, एक्स-रे मशीन आलं ते कपड्यात गुंडाळून का ठेवलंय. ही तक्रार खोटी नाही. आमच्याकडे गंभीर पेशंटची गाडी कित्येकदा दक्षिणेला वळते, गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळाकडे. पिढ्यान् पिढ्या लोक तिथेच गेले. २०१८ साली गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या दोडामार्गात आंदोलन झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. आता ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज आलंय, बघू. पण रात्री दोन वाजता छातीत कळ आलेल्या माणसाचा जीव वाचवणं हा एक भाग झाला. तो माणूस त्या रात्रीपर्यंत पोचला कसा, पाच वर्षं त्याचं बीपी वाढत होतं ते कोणाला ठाऊक होतं, हा दुसरा. या दुसऱ्या भागासाठी कोणी रस्त्यावर बसल्याचं मी पाहिलेलं नाही.

कागदावरची व्यवस्था अशी. पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजारांना. तीस हजारांना, डोंगरात वीस हजारांना, एक प्राथमिक आरोग्य केंद्र. इथपर्यंत जिल्हा परिषदेचा कारभार, १९६२ पासून. त्याच्या वरचं ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय हे राज्य सरकारचं, त्यांचे साहेब वेगळे. कागदावर तीन हजार माणसं म्हणजे काहीच नाही. पण कोकणातलं गाव कागदावर बसत नाही. एक वाडी सड्यावर, एक वहाळाच्या पलीकडे, एक खाली खाडीला लागून, आणि मध्ये पाणंदी. पावसात वहाळ भरला की पलीकडच्या चार घरांना विचारायला जायचं म्हणजे मैलभराचा वळसा. नर्सबाई आणि आरोग्यसेवक दोघांनी मिळून एवढं चालायचं, आणि दोघांपैकी एक जागा रिकामीच असायची. २००५ साली केंद्राने 'आशा' योजना काढली आणि त्यातून आशाताई आली, ती या चालण्याला पाय मिळावेत म्हणून.

आता सगळ्यात नसती चौकशी कोणती म्हणाल, तर "शेवटची पाळी कधी आली होती?" हा प्रश्न आपल्या घरात नवरासुद्धा धड विचारत नाही. ही बाई अंगणात उभी राहून विचारते, आणि उत्तर घेऊन जाते. गरोदरपणाची नोंद बारा आठवड्यांच्या आत झाली पाहिजे असा नियम, त्यामुळे कित्येक घरांत सासूच्या आधी आशाताईला कळतं. मग वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि लोहाच्या लाल गोळ्या, रोज एक, एकशे ऐंशी दिवस. त्या गोळ्यांनी मळमळतं, परसाकडे काळं होतं, म्हणून पोरी त्या नेमाने खिडकीतून माडाच्या मुळाशी टाकतात. ते आशाताईला ठाऊक असतं. म्हणून ती "गोळी घेतेस ना?" असं विचारतच नाही. "रिकामी पाकिटं दाखव" म्हणते.

हे विचारण्याचा हक्क कोणाला, हा यातला खरा कळीचा मुद्दा. बाहेरून जीपमधून आलेल्या साहेबाला कोणी उत्तर देत नाही. आशा निवडताना ती त्याच गावची, शक्यतो गावची सून असावी, अशी अट घातली, ती कोणीतरी डोकं वापरून घातलेली आहे. लेक लग्न होऊन जाते, सून राहते. हजार वस्तीमागे एक. डॉक्टर तिला म्हणता येत नाही, नर्सही म्हणता येत नाही, सरकारी भाषेत तर ती कर्मचारीसुद्धा नाही. तरी गावात कोणाच्या पोटात काय आणि कोणाच्या छातीत काय, हे तिला तोंडपाठ.

ही कल्पना दिल्लीत जन्मलेली नाही, याचा आपण मराठी माणसांनी थोडा अभिमान धरायला हरकत नाही. नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० मध्ये काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, दलित होत्या. ज्यांना उंबरठ्याच्या आत घ्यायला गाव राजी नव्हतं त्याच बायका पुढे बाळंतिणीच्या खोलीत जाऊन बसल्या. आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत खेड्यातल्या बाईलाच नवजात बाळाची काळजी शिकवली. तीन वर्षांत त्या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. काचेची पेटी आणि तज्ज्ञ डॉक्टर असल्याशिवाय कोवळं बाळ वाचत नाही, असं तोवर शहाणी माणसं म्हणत होती. २०११ पासून देशभरच्या आशा तेच करतात. बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बघायचं. घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा.

मी हे प्रत्यक्ष पाहिलंय. पुतणी बाळंतपणाला आली होती. आशाताई आली, मागच्या दारी जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, वाऱ्यावर सुकवले, पदराला पुसले नाहीत. बाळाला झोळीच्या काट्यात घालून वजन केलं. काखेत थर्मामीटर लावला. मग छातीवरचं फडकं बाजूला केलं, मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि म्हणाली, "आता कोणी बोला नको." पूर्ण एक मिनिट तिने त्या एवढ्याशा पोटाचं वरखाली होणं मोजलं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा वर गेला तर न्यूमोनियाची शंका, ताबडतोब हलवायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेलं चालत नाही, कारण तान्हं बाळ मध्येच श्वास रोखतं आणि मध्येच भराभर घेतं. खोलीत माझी आई, वहिनी, पुतणी, दारात मी. बावन्न भरले. मग प्रश्न सुरू. अंगावर पितं का, दिवसातून किती वेळा लघवी, नाळेला काय लावलं? शेवटी सहज विचारल्यासारखं, "मध कोणी चाटवल्यानी?" आईने ठामपणे नाही म्हटलं. देवाच्या फळीवरची मधाची बाटली मात्र तिथेच होती आणि ताईची नजर तिच्यावरून फिरून आली होती. ती बाटलीबद्दल एक अक्षर बोलली नाही. पुतणीला एवढंच म्हणाली, की सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, आणि हे ती आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली.

या सहा फेऱ्यांचे तिला मिळून अडीचशे रुपये मिळतात.

माणसांना जशा चौकशा, तशा विहिरींनाही. पावसाळ्याच्या तोंडाला ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, बादली घेऊन फिरतो. पावडर थेट विहिरीत ओतायची नसते. बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवायची, मग पाणी वाढवून ढवळायचं, चुना तळाशी बसू द्यायचा आणि वरची निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीने विहिरीत सोडून पाण्याखाली हलवायची. तासाभराने पाणी काढून परीक्षानळीत ऑर्थोटोलिडीनच्या द्रावणाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन उतरलंय. आमच्याकडे बायका तो यायच्या आत हंडे भरून घेतात, "पाण्याक वास येता" म्हणून. ग्रामपंचायतीच्या माळ्यावर उघडं पडलेलं पोतं असेल तर त्या पावडरीत क्लोरीन उरलेलाच नसतो, नुसती चुन्याची आंघोळ. म्हणून आरोग्यसेवक पोत्यातला नमुनाही तपासायला पाठवतो. आणि सरपंचाला विचारतो, शेवटचं टीसीएल कधी टाकलं? सरपंच शिपायाकडे बघतो, शिपाई आढ्याकडे. वर्षातून दोनदा पाण्याच्या जागांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका, पिवळं म्हणजे सांभाळा, हिरवं म्हणजे ठीक. सलग पाच वर्षं हिरवं टिकलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. मला ही पद्धत फार आवडते. सरपंचाला आकडेवारी दाखवून काही होत नाही, पण शेजारच्या गावाला हिरवं आणि आपल्याला लाल, हे त्याला झोंबतं.

पाण्याच्या चौकशीने काय होतं त्याचा दाखला नारूचा. देशावर माझ्या पिढीच्या लोकांनी पायातून दोरीसारखा जंत बाहेर येताना आणि तो रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळताना बघितलाय. ना लस, ना औषध. पायविहिरीत पाय बुडवून पाणी भरणं थांबवलं, पाणी गाळायला लावलं आणि घरोघर जाऊन विचारलं, कोणाच्या पायाला फोड आहे का. देशातला शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात सापडला, २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं.

आमच्या जिल्ह्याचे प्रश्न याहून वेगळे, आणि ते ऋतूप्रमाणे बदलतात. आषाढात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. गुडघाभर चिखलात तरवा लावणाऱ्या बाईच्या पायाला भेग असते, शेतात उंदराचं मूत असतं, बाकीचं पाणी जुळवून आणतं. म्हणून जोखमीच्या गावांत लावणीच्या दिवसांत आठवड्याला एकदा डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या, जेवल्यावर. ताई मेरेवर उभी राहून विचारते, पायाक जखम आसा काय, शेतात कितीजण उतरलेत, मागच्या आठवड्याची गोळी घेतलास? पुरुष सगळे "घेतली" म्हणतात. त्या गोळ्या नंतर शर्ट धुताना खिशात सापडतात.

आणि फाल्गुन-चैत्रात, काजूच्या हंगामात, माकडताप. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडलेला हा आजार २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात उपटला. रानातली माकडं मरतात, त्यांच्या अंगावरचे बारीक गोचीड पाचोळ्यात उतरतात, आणि बोंडू वेचायला वाकलेल्या माणसाला चिकटतात. एकाएकी सणसणून ताप, डोकं फुटेल असं दुखणं, कधी नाकातोंडातून रक्त. त्यामुळे त्या पट्ट्यात आरोग्यसेवक दारात येऊन पहिला प्रश्न घरातल्या माणसांबद्दल विचारतच नाही. "रानात माकड मेलेला दिसला काय?" हा प्रश्न ऐकून परगावचा माणूस हसेल. पण मेलेलं माकड ही तिथे आगाऊ सूचना असते, माणसांत ताप सुरू व्हायच्या आधीची. ते कळलं की भोवतालची जागा बंद करता येते, बागायतदारांना अंगाला लावायचं तेल देता येतं, घरी येऊन गरम पाण्याने आंघोळ करा, कपडे वेगळे भिजवा, हे पटवता येतं. लोक सांगत का नाहीत? कारण मेलेलं जनावर कळवलं की वनखातं येणार, पंचनामा होणार, ऐन हंगामात दिवस फुकट जाणार. मी बागेत असतो तर मीही दहादा विचार केला असता.

डॉक्टरचं महत्त्व कमी करावं असा यात हेतू नाही. पण आरोग्य केंद्रातला नाव राहिलेला डॉक्टर कोण, असं मला विचाराल तर मी डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव घेईन, आणि तेही चौकशा करणारेच. १९७६ मध्ये ते महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाचा दंश झालेली माणसं, विशेषतः मुलं, तिथे पटापट मरत. बावस्कर रात्र रात्र पेशंटच्या उशाशी बसून लिहीत राहिले. दंश केव्हा झाला, घाम किती, हातपाय कधी गार पडले, नाडी काय म्हणते, छातीत पाणी कधी भरलं? त्यातून त्यांच्या लक्षात आलं की माणूस हृदय थकून जातोय. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी विंचूदंशावर वापरून दाखवली आणि शंभरातले तीस-चाळीस जिथे दगावत तिथे एखादा दगावू लागला. हे संशोधन मोठ्या कॉलेजात झालेलं नाही. जिथे एमबीबीएस झालेली पोरं वर्ष कसंबसं काढून पळतात, तशाच एका केंद्रात झालं. आज माझ्या गावात विंचू चावला तर मांत्रिकाकडे जाणारे अजून आहेत, पण त्या आधी ताईला फोन जातो.

चौकशीला लोक बिचकतात याला कारणही आहे, आणि ते सरकारनेच दिलंय. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते राहिलं. "मुलं किती?" या प्रश्नाचा अर्थ त्या वर्षी बदलला. आमच्याकडची जुनी माणसं सांगतात, लाल पाटीची जीप सड्यावर दिसली की बापये काजूच्या बागेत पसार व्हायचे. मास्तरला टार्गेट, तलाठ्याला टार्गेट, नर्सबाईला टार्गेट. ही वरून ठरवलेली उद्दिष्टं पद्धत म्हणून बंद व्हायला १९९६ उजाडलं. पोलिओचे डोस सुरू झाले तेव्हा "ह्या थेंबांनी पोरा होवची नाय" अशी कुजबुज याच जिल्ह्यात मी ऐकलेली आहे. ती कुजबुज अडाणीपणातून आली असं म्हणणं सोपं आहे. मला ती आठवणीतून आली असं वाटतं.

२०२० च्या मे महिन्यात पुन्हा तेच वळण आलं होतं. आम्ही चाकरमानी मुंबईहून गावाकडे निघालो आणि आमच्याच गावांनी आम्हाला शाळेत ठेवलं. वेशीवर नावं लिहून घ्यायला आशाताई. कुठून आलात, कोणत्या गाडीने, कोण कोण होतं सोबत? काही जणांनी तिला शिव्या घातल्या, त्यांत माझ्या नात्यातलेही होते. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली आणि तीच बाई हातात ऑक्सिमीटर घेऊन त्याच शिव्या दिलेल्या घरांत गेली. पुढच्या वर्षी जूनमध्ये राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा संपावर गेल्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. २०२३ मध्ये पुन्हा संप. २०२४ मध्ये राज्याने मानधन वाढवलं. आजही सरकारदरबारी ती 'स्वयंसेविका' आहे. म्हणजे काम कर्मचाऱ्याचं आणि पैसे थोडे मानधनाचे, थोडे कामाच्या नगावर.

आता चौकशा मोबाइलवर आल्यात. वहीत लिहायचं ते आहेच, तेच पुन्हा ॲपमध्ये. आमच्या खालच्या वाडीत रेंज नाही, मग ताई संध्याकाळी सड्यावर जाऊन एकेक नाव वर चढवत बसते. माझी तक्रार रेंजबद्दल नाही, ती येईल कधीतरी. प्रश्न विचारताना तिची मान आता खाली असते. पूर्वी ती मधाच्या बाटलीकडे बघायची. आता पुढचा रकाना बघते.

त्यातल्याच एका रकान्याची गोष्ट. त्या कंबरेच्या फॉर्मला नंतर आणखी दोन प्रश्न जोडले गेले. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही असं किती वेळा झालं? उदास, निराश वाटलं का? प्रश्न चांगले आहेत, फारच चांगले आहेत. कोकणात घरटी दोन म्हातारी माणसं आणि बारा खोल्या, पोरं डोंबिवलीला. हे त्यांना कोणीतरी विचारायला हवंच होतं. पण ते विचारलं गेलं अंगणात, वहिनी कपडे वाळत घालत असताना आणि शेजारच्या काकी कुंपणाला टेकलेल्या असताना. "उदास वाटता काय?" आई म्हणाली, "नाय गो, कित्याक वाटतला?" ताईने शून्य भरला. यंत्र खूश.

चार दिवसांनी आई आणि ताई देवळाकडच्या पाणंदीत बराच वेळ उभ्या असलेल्या मी लांबून बघितल्या. काय बोलणं झालं ते आईने सांगितलं नाही, ताईनेही नाही. मी एकदा तिला आडून विचारून बघितलं, तर म्हणाली, "दादा, ता माका सांगूक येवचा नाय." त्यानंतर ती आठवड्या-पंधरवड्याला फॉर्म न घेता येते, आईच्या हातचा चहा घेते, जाते. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या दुखण्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर तिने आईच्या खोलीतल्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलाय. चहाच्या फेऱ्यांचा दर तिच्या यादीत नाही.

मागच्या ग्रामसभेला मी मुद्दाम जाऊन बसलो. उपकेंद्राच्या नव्या इमारतीचा ठराव आला, टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला, भूमिपूजनाला कोणाला बोलवायचं यावर अर्धा तास गेला. मग आशाताई उठली. तिच्या बीपीच्या मशीनचा पट्टा फाटलाय, पावसात फिरायला रेनकोट आणि टॉर्च हवा. गावाच्या आरोग्य समितीला वर्षाला दहा हजार रुपयांचा निधी येतो, त्यातून घ्या, एवढंच तिचं म्हणणं. सरपंच म्हणाले, पुढच्या सभेत बघूया. एरवी कोणीही खाली बसलं असतं.

तिने विचारलं, "निधीचा पुस्तक खंय आसा?"

ग्रामसेवक म्हणाले, तालुक्याला दिलंय.

"कधी दिल्यात?"

झाला महिना.

"मिळाल्याची सही कोणाची?"

सभेत आता कोणी कुजबुजत नव्हतं. ग्रामसेवकांनी फाईल उघडली, बंद केली. सोमवारी आणून दाखवतो म्हणाले. ताईने पिशवीतून वही काढली, सोमवारची तारीख घातली, समोर त्यांचं नाव लिहिलं आणि वाचून दाखवलं.